न बोलाविलेला द्वारपाल

गेल्या दिवाळीच्या पाडव्यास आमच्या घरीं नवा संगणक आला. घर एकत्र कुटुंबाचें, तेव्हां संगणकही सर्वांत मिळून एकच. नातवंडांचा अभ्यास, सुनबाईंचे बँकेचे व्यवहार आणि आमचें पंचांग, सारें त्याच यंत्रावर चालतें. त्याच्या पोटांत कारखान्यांतूनच एक अँटीव्हायरस बसवून आलेला होता. महिनाभर सेवा विनामूल्य, पुढें वर्षाचे पैसे भरावे, अशी त्याची अट. आम्ही त्यास बोलाविलें नव्हतें. पण दारीं आलेल्या पाहुण्यास जा कसें म्हणावें, म्हणून राहूं दिलें.

मुदत सरत आली तसा हा पाहुणा आरडाओरड करूं लागला. दिवसांतून तीनचार वेळां कोपऱ्यांत तांबडी चौकट उमटे : 'आपला संगणक धोक्यांत आहे!' हळूहळू सर्वांना तिची संवय झाली, आणि अनर्थाचें बीज तेथेंच पडलें. एके दुपारीं आमच्या वहिनी कीर्तन ऐकत असतां तशीच तांबडी, पण पडदाभर मोठी चौकट आली. तींत एक फोन नंबर होता. वहिनींनीं तो फिरविला. पलीकडच्या गृहस्थानें गोड बोलून बँकेच्या कार्डाचे आंकडे विचारण्यास आरंभ केला. आठ आंकडे सांगून झाले, इतक्यांत थोरली नात शाळेंतून आली व तिनें फोन हिसकावून घेतला. कार्ड त्याच सायंकाळीं बँकेस कळवून बंद करविलें. यांत वहिनींचा दोष तो काय? खऱ्या पहारेकऱ्यानेंच त्यांस खोट्या चोराची भाषा ओळखीची करून दिली होती.

त्या रात्रीं नातवास शेजारीं बसवून आम्ही हें प्रकरण मुळापासून समजून घेतलें. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून विंडोजमध्यें डिफेंडर नांवाचा अँटीव्हायरस मुळांतच असतो. दुसरा कोणी बसविला कीं तो आपण होऊन बाजूस सरतो. व्याकरण शिकलेल्यांस हें नवें नाहीं : अपवाद आहे तेथें उत्सर्ग माघार घेतो, अपवाद गेला कीं उत्सर्ग पुन्हां लागू होतो. म्हणून दुसरा आणावयाचा असला तरी आधीं जुना समूळ काढावा. दोघे एकदम जागे ठेविल्यास परस्परांच्या कामांत अडथळा आणतात व यंत्र मंदावतें.

काढण्याची रीत सोपी आहे. सेटिंग्जमध्यें अॅप्स, तेथें त्याचें नांव, मग अनइन्स्टॉल. आणि यंत्र पुन्हां सुरू करावें. परंतु कांहीं वेळां अवशेष मागें राहतात. ते झाडून काढण्याचें साधन बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर फुकट देतात. तें तेथूनच घ्यावें, शोधांत प्रथम दिसेल तेथून नव्हे. शेवटीं 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर चालू झाला कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें. आमच्याकडे तो पहिल्या खेपेस झाला नव्हता. अवशेष काढल्यावर झाला.

मग विकतचा घ्यावा काय? धाकट्या चिरंजीवांचा आग्रह पुण्याच्या क्विक हीलचा. दुरुस्तीच्या दुकानांतून उभी राहिलेली ती मराठी बंधूंची कंपनी, याचा आम्हांसही अभिमान आहे, आणि मुलांवर देखरेखीसारख्या जादा सोयी ज्यांस हव्या त्यांनीं विकतचा अवश्य घ्यावा. पण साध्या घरगुती कामास डिफेंडर पुरतो, असें आमचें मत झालें. विंडोजचे अपडेट मात्र टाळतां कामा नये. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय'नें जगभर दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. त्या भोकाचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिलें होतें!

मायक्रोसॉफ्टचें सांगणें असें कीं, त्यांच्या खऱ्या सूचनेंत फोन नंबर कधींच नसतो. वहिनींनीं हें स्वतःच्या हातानें चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेस डकविलें आहे आणि खालीं सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक १९३० मोठ्या अक्षरांत घातला आहे. कीर्तन मात्र त्या अजून रेडिओवरच ऐकतात.