दोन लॅब, दोन आकडे: असं का?

रिद्धपूरच्या एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन मोर्शीत 9.8 आणि अमरावतीत 10.3 आलं, तर खरं कोणतं? एवढा फरक यंत्रामुळं, रक्त घेण्याच्या पद्धतीमुळं पडू शकतो. पण एखादी लॅब सतत कमीच दाखवत असेल तर?

कापसाचं एकच गाठोडं गावातल्या प्रत्येक काट्यावर तोलून पाहावं, तसं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज एकाच साठ्यातले नमुने देशभरच्या लॅबना पाठवतं. उत्तरं आली की त्याच पद्धतीनं तपासणाऱ्या लॅबच्या सरासरीपासून कोण किती दूर, ते ज्याला त्याला कळवलं जातं. अमेरिकेत 1947 साली बेल्क आणि संडरमन यांनी असेच नमुने वाटले, तेव्हा चुकांचं प्रमाण धक्कादायक निघालं होतं.

वेल्लोरहून आलेल्या नमुन्याला लॅबनं खास वागणूक दिली, की सगळी तपासणी फुकट. तो रोजच्या रुग्णांच्या नळ्यांबरोबरच, रोजच्याच टेक्निशियननं लावायला हवा. आणि निकाल लवकर यायला हवा, म्हणजे यंत्र त्याच आठवड्यात दुरुस्त करता येईल.