रोजचं विज्ञान : कोशिंबिरीला पाणी का सुटतं?

हिमायतनगरात ज्वारीच्या भाकरीसोबत टोमॅटोची कोशिंबीर वाढली, की थोड्याच वेळात ताटात लालसर पाणी पसरतं. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणीच असतं, पेशींच्या पातळ पडद्यांआड कोंडलेलं. मीठ पडलं की बाहेरचा रस खारट होतो. पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला सहजासहजी नाही. म्हणून पाणीच खारटपणाकडे ओढलं जातं. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावरही हेच घडतं. बोथट सुरीने चेंगरलेल्या पेशी त्यात भर घालतात.

हे पाणी ओतून देणं मला मुळीच पटत नाही. बियांभोवतीच्या गरातला आंबटपणा आणि चव खुलवणारं ग्लुटामेट त्यातच उतरलेलं असतं. कोशिंबीर कोरडीच हवी असेल, तर सुरी धारदार घ्या, दाण्याचं कूट घाला आणि मीठ अगदी वाढतानाच टाका.