क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे

फाळणीच्या हिंसाचाराने होरपळलेल्या दिल्लीत महात्मा गांधी यांनी १३ जानेवारी १९४८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, आपले अखेरचे उपोषण सुरू केले. पश्चिम पंजाबात सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांचे दुःख खरे होते; मात्र त्याची शिक्षा दिल्लीतील निरपराध मुस्लिमांना भोगावी लागत होती. मनात धरलेले वैर अनेकदा मूळ अपराध्याला सोडून असे भलत्यालाच गाठते.

गांधीजी केवळ सद्भावनेचे आवाहन करून थांबले नाहीत. बळकावलेल्या मशिदी परत कराव्यात, मुस्लिमांना निर्भयपणे वावरता यावे, मेहरौली येथील ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याचा उरूस निर्विघ्नपणे भरावा, अशा त्यांच्या ठोस अटी होत्या. विविध समाजांच्या प्रतिनिधींनी लेखी हमी दिल्यानंतर १८ जानेवारीला त्यांनी उपोषण सोडले. २७ जानेवारीला ते स्वतः त्या उरुसात सहभागी झाले.

दरम्यान, २० जानेवारीला बिर्ला भवनातील प्रार्थनासभेच्या वेळी मदनलाल पाहवा या निर्वासित तरुणाने स्फोट घडवला. त्याचा द्वेष करू नये, असे गांधीजींनी दुसऱ्याच दिवशी सांगितले. ३० जानेवारीला त्याच आवारात त्यांची हत्या झाली. त्या खटल्यात न्यायालयाने पाहवाला जन्मठेप सुनावली.

क्षमा करणारा सूडाचा विचार सोडतो, न्यायाचा आग्रह सोडत नाही. झालेला अन्याय मान्य करणे, बळकावलेले परत करणे आणि एकमेकांच्या सणावारांत पुन्हा सामील होणे, या मार्गानेच समाजातील वैर ओसरते.