चार वर्षांचे भाडेकरू
(अमेरिकी कॅम्पस : लेखांक सहावा)

१७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली फाय बीटा कप्पा आणि १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात एकापाठोपाठ एक जन्मलेल्या गुप्त मंडळ्या, इथपर्यंत आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. शपथा, बिल्ले, ग्रीक अक्षरं, हस्तांदोलनाच्या खुणा हा सगळा मालमसाला वाचायला मजेचा आहे. पण फ्रॅटर्निटी नावाची ही चीज, म्हणजे कॉलेजातल्या मुलांची बंधुमंडळी, दोनशे वर्षं कशी तगली, याचं उत्तर त्यात नाही. ते एका रुक्ष कागदात आहे. प्रत्येक शाखा, म्हणजे चॅप्टर, आपल्या माजी सदस्यांना अधूनमधून जे वार्तापत्र पाठवते, त्यात.

या वार्तापत्राचा साचा कुठल्याही राज्यात साधारण सारखाच. यंदाचा अध्यक्ष कोण, नवे किती घेतले, पोरांच्या गुणांची सरासरी कॅम्पसच्या सरासरीपेक्षा वर आहे की खाली. शरद ऋतूतल्या ‘होमकमिंग’च्या फुटबॉल सामन्याला किती जुनी मंडळी आली. मग कुणाचं लग्न, कुणाला मूल, कुणाची बढती. मध्येच एक कळकळीचं पत्र: छप्पर गळतंय, बॉयलर जुना झालाय, हातभार लावा. देणगीदारांची यादी पदवीच्या वर्षानुसार लावलेली असते, म्हणजे कुठल्या बॅचनं हात आखडता घेतला तेही सर्वांना दिसतं. ही युक्ती आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थी संघांनीही उचलावी इतकी जालीम आहे. शेवटी निधनवार्ता. सिग्मा काय या फ्रॅटर्निटीत दिवंगत सदस्य ‘चॅप्टर इटर्नल’मध्ये जातो, फाय डेल्टा थीटात ‘चॅप्टर ग्रँड’मध्ये. सदस्यत्व मेल्यावरही रद्द होत नाही, फक्त शाखा बदलते.

आता प्रश्न असा, की हे सगळं कुणासाठी? चॅप्टरच्या घरात राहणाऱ्या विशीतल्या पोरांना यातलं काहीच नव्यानं कळत नाही. वार्तापत्र निघतं ते चाळिशी, साठी, ऐंशीतल्या माणसासाठी, कारण घर त्याचं आहे.

हे अगदी कायद्याच्या भाषेत खरं आहे. विद्यापीठाच्या जमिनीवरचे अपवाद सोडले, तर पांढऱ्या खांबांची ती इमारत पुष्कळदा माजी सदस्यांनी स्थापलेल्या वेगळ्या ‘हाउस कॉर्पोरेशन’च्या नावावर असते. पोरं तिला भाडं देतात. दुरुस्ती, विमा, कर्जाचे हप्ते हे त्या मंडळाचं काम. शिवाय बऱ्याच फ्रॅटर्निटींचं एक शैक्षणिक प्रतिष्ठानही असतं, आणि त्यामागे निव्वळ करांचा हिशेब आहे. सामाजिक क्लबला दिलेल्या देणगीवर अमेरिकेत करसवलत नाही, शैक्षणिक संस्थेला दिलेल्या देणगीवर आहे. त्यामुळे दिवाणखान्यापेक्षा अभ्यासिकेसाठी पैसा उभा करणं सोपं जातं. अभ्यासिकेत अभ्यास किती होतो, हे करखातं विचारत नाही.

मालकी म्हणजे जबाबदारीही. १२ मे १९९६ला नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथं पदवीदानाच्याच दिवशी पहाटे फाय गॅमा डेल्टाच्या घराला आग लागली आणि पाच विद्यार्थी गेले. त्यानंतर त्या गावानं अशा घरांमध्ये पाण्याचे स्वयंचलित फवारे सक्तीचे केले. लाकडी जिन्यांच्या जुन्या इमारतींत ही यंत्रणा बसवण्याचा खर्च मोठा, आणि चार वर्षांनी निघून जाणारा विद्यार्थी तो उचलणार कसा? तो माजी सदस्यांकडेच गेला.

पण ज्याच्या हातात छप्पर, त्याच्याच हातात जुनी रीतही. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमर्स्ट कॉलेजात फाय कप्पा साय या फ्रॅटर्निटीच्या पोरांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सदस्य करून घेतलं. राष्ट्रीय संघटनेनं त्या शाखेची सनदच काढून घेतली. पोरं बधली नाहीत. त्यांनी स्वतंत्र मंडळी म्हणून नवं नाव घेतलं. तरुण पुढे आणि वडीलधारे मागे, असं चित्र नेहमीच असतं असं नाही. नवागतांना दारू पाजून छळण्याचा जो प्रकार तिकडे ‘हेझिंग’ म्हणून ओळखला जातो, तिथे बहुधा पोरंच क्रूर असतात आणि जुने ‘आमच्या वेळीही होतं’ म्हणत हसतात. २०१७च्या फेब्रुवारीत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पायच्या घरात झालेल्या अशाच प्रकारानंतर एकोणीस वर्षांच्या मुलाचा जीव गेला. पुढच्याच वर्षी त्या राज्यात कडक कायदा आला. २०२४च्या डिसेंबरमध्ये संघराज्य पातळीवरचा. कॉलेजांनी हेझिंगच्या घटना जाहीर करायच्या, हे त्यात आहे. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा. पण आपल्याकडे होस्टेलमध्ये जागा मिळाली की रॅगिंग वाट्याला यायचं. फ्रॅटर्निटीत मुलगा स्वतः अर्ज करून त्या दारात उभा राहतो, म्हणून तक्रार करणं अधिकच जड जातं.

अशा प्रकरणानंतर शाखा बंद होते, बहुधा चार-पाच वर्षांसाठी. आकडा सहज आलेला नाही. तेवढ्यात जुना प्रत्येक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि छळाची परंपरा शिकवणारं घरात कुणी उरत नाही, असा हिशेब असतो. मग माजी सदस्य नव्या पोरांना जमवून शाखा पुन्हा उभी करतात. या हिशेबातली गोम उघड आहे. आठवणी नुसत्या विद्यार्थ्यांकडे नसतात, इमारतीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेही असतात.

मात्र घराशिवायही हे सारं चालू शकतं. ४ डिसेंबर १९०६ला कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापली. आदल्या वर्षीचे काही कृष्णवर्णीय विद्यार्थी परतलेच नव्हते; आधार म्हणून, अभ्यासासाठी ही मंडळी जमली. पुढे तिचा खरा पसारा झाला तो शहरोशहरीच्या पदवीधर शाखांचा. पदवीनंतरही तिथे सदस्य होता येतं, आणि काम तेव्हाच सुरू होतं असं तिथले लोक मानतात. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बॉस्टनमध्ये पीएच.डी. करताना सदस्य झाले. वॉशिंग्टनमधलं त्यांचं स्मारक हा याच माजी सदस्यांचा हट्ट: १९८४ची कल्पना, १९९६ला काँग्रेसची परवानगी, २०११च्या ऑक्टोबरमध्ये लोकार्पण. बॉयलरच्या देणग्या जमवणाऱ्या शेजारच्या मंडळ्यांपुढे ही यादी ठेवून पाहावी.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची भाचरं-पुतणे न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये वाढली, त्यांना आणखी दोन नावं ऐकून ठेवायला हरकत नाही. १९९४ साली बिंगहॅम्टनमध्ये आयोटा न्यू डेल्टा, १९९८ साली ऑस्टिनमध्ये डेल्टा एप्सिलॉन साय, अशा दक्षिण आशियाई मुळांच्या मुलांनी काढलेल्या फ्रॅटर्निटीही आता आहेत. घरी गणपतीची आरती आणि कॉलेजात ग्रीक अक्षरांचा टी-शर्ट, यात त्या पिढीला काही विसंगत वाटत नाही. यांचे पहिले सदस्य आत्ता कुठे पन्नाशीला पोचताहेत. होमकमिंगला येऊन पाकीट उघडण्याचं वय नेमकं हेच.

पुढच्या आठवड्यात मुलींच्या सोरॉरिटी: बहुतेक राष्ट्रीय सोरॉरिटींच्या घरात दारूला बंदी असते, म्हणून पार्टी कायम मुलांच्या घरी होते. तिथे दार उघडण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार मग कुणाकडे जातो, ते पाहू.