केसाची तहान

माझी हयात यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेली. हवा कोरडी पडली की मागावरचे सूत वारंवार तुटते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. केसही ओलावा पितो. ओलाव्याने तो लांबतो, हे हेरून जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनी केसावर चालणारे आर्द्रतामापक बनविले व १७८३ साली ग्रंथरूपाने त्याची माहिती दिली.

केसावर कौलांसारखे खवले असतात. ते घट्ट असले तर पाणी सावकाश शिरते. ऊन, रंग व तापलेली इस्त्री यांनी ते उचकटले की केस पाणी भराभर पितो, फुगतो, लवकर सुकतो आणि तुटतो. टोकाचा केस सर्वांत जुना, म्हणून तोच अधिक जपावा. पेल्यात केस बुडतो की तरंगतो, यावर निदान करू नये. तेलाच्या अंशानेही तो तरंगतो.

मग करावे काय? न्हाण्यापूर्वी खोबरेल लावावे. ते केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करते, खनिज तेल तसे करीत नाही, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखविले. ओला केस ओढून विंचरू नये. केस निर्जीव आहे; मोडलेले कौल तो स्वतः सांधीत नाही. तेव्हा महागड्या बाटलीवर आठवड्याची मजुरी घालविणाऱ्या भगिनींना एवढेच सांगणे, की मोडल्यावर खर्च करण्यापेक्षा मोडू न देणे स्वस्त.