घरी रेकॉर्डिंग करताय? ‘लो-लेटन्सी’वर पैसे घालण्याआधी हे तपासा

गणपती जवळ आले की लालबाग-परळमध्ये बेंजो पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. गिरगाव-दादरमध्ये कुणी घरच्या कम्प्युटरवरच आरत्या रेकॉर्ड करतं. अशा वेळी लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) चौकशी केली, की ‘साउंडचं काम? मग प्रोफेशनल लो-लेटन्सी सेटअपच घ्या’ असा सल्ला मिळू शकतो. पाकीट काढण्याआधी एवढंच बघा : गाताना-वाजवताना तुमचा आवाज कम्प्युटरमधून फिरून तुमच्याच कानात येणार आहे का?

लेटन्सी म्हणजे या फेरीला लागणारा उशीर. कम्प्युटर आवाजाची धार धरत नाही, तांब्या भरला की ओततो. तो तांब्या म्हणजे ‘बफर’. सेकंदाला ४८ हजार नमुने धरले, तर १०२४ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, १२८ नमुन्यांचा तीनहून कमी वेळात भरतो. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे हिशेब दुप्पट. हवेतून आवाज १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. चाळीतल्या खोलीची ही भिंत ते ती भिंत. तेवढा उशीर बहुतेकांना खपतो. ४०-५० मिलिसेकंद झाले, की तबल्यावरचा हात अडखळतो.

एडिटिंग, पॉडकास्ट, नाटकाचं पार्श्वसंगीत वाजवणं, यासाठी काहीच वेगळं लागत नाही. उलट बफर मोठा ठेवा. उगाच लहान केला तर आवाज तडतडतो. ऑक्टोपॅड थेट स्पीकरला जोडला असेल, तर कम्प्युटर मध्ये येतच नाही. माइकवर गाणाऱ्यांनी ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ असलेला ऑडिओ इंटरफेस घ्यावा. त्यात स्वतःचा आवाज कम्प्युटरला वळसा घालून कानात येतो.

खरी गरज पडते ती मिडी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधलं हार्मोनियम वाजवताना, किंवा गिटारला कम्प्युटरमधून इफेक्ट देताना. तिथेही सॉफ्टवेअरला पैसे पडतीलच असं नाही. विंडोजसाठीचा ‘एसिओ’ ड्रायव्हर चांगल्या इंटरफेसबरोबर मिळतो, मॅकमध्ये ‘कोअर ऑडिओ’ आधीपासून असतो, लिनक्सवर ‘जॅक’ आणि ‘पाइपवायर’ मोफत आहेत. खर्च करायचाच तर इंटरफेसवर करा.

आणि ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यांचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो, तो कुठल्याच ड्रायव्हरने भरून निघत नाही. वायरवाला लावून, बफर १२८वर आणून आधी पाच मिनिटं वाजवून पाहा.