कावळ्याचं घर का वाहून गेलं?

पहिली-दुसरीतलं मूल गोष्ट घडाघडा वाचतं आणि ‘असं का झालं?’ असं विचारलं की गप्प होतं. अक्षरं त्याला येतात, पण एका घटनेमुळे दुसरी घडते हे नातं, म्हणजेच कार्यकारणसंबंध, अजून उमगलेलं नसतं. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भरही तिसरीअखेर मुलाला समजून वाचता यावं यावर आहे. घरी शिकवायला आपल्याला कावळा-चिमणीची गोष्ट पुरेशी आहे: कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं; पावसात कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो चिमणीचं दार ठोठावतो.

आधी पुस्तक मिटलेलंच ठेवावं. ताटलीत मातीचं सुकं ढेकूळ आणि मेणबत्तीचा तुकडा ठेवून दोन्हींवर पाणी ओतावं. ढेकूळ भिजून विस्कटतं, मेण तसंच राहतं. ‘काय झालं?’ याचं उत्तर म्हणजे परिणाम आणि ‘कशामुळे झालं?’ याचं उत्तर म्हणजे कारण, एवढंच सांगावं.

मग गोष्ट वाचावी आणि परिणामापासून मागे यावं. कावळ्याचं घर कशामुळे वाहून गेलं? ‘पाऊस आला म्हणून,’ असं मूल सांगेल. बहुतेक मोठी माणसं इथे शाबासकी देऊन पान उलटतात. आपण मात्र पुढे विचारावं, ‘पाऊस तर चिमणीच्या घरावरही पडला, मग ते कसं टिकलं?’ आता मूल शेणाकडे आणि मेणाकडे वळेल. एका परिणामामागे दोन कारणं असू शकतात, हे त्याला इथे कळतं. उत्तर यायला वेळ लागेल; घाईने आपणच सांगून टाकू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ यांत. आधी घडलं ते कारण, असं मुलं धरून चालतात. ‘चिमणीने घर बांधलं म्हणून पाऊस आला,’ असंही एखादं मूल म्हणेल. चूक म्हणून खोडू नये. ‘तिने घर बांधलंच नसतं, तर पाऊस आला नसता का?’ असं विचारावं. हा ‘नसतं तर’चा प्रश्न मुलाला स्वतःच विचारायची सवय लागली, की मोठं काम झालं.

‘म्हणून’, ‘त्यामुळे’ हे शब्द आले की कारण आधी असतं. ‘कारण’ आला की क्रम उलटतो: ‘कावळा भिजला, कारण त्याचं घर वाहून गेलं.’ इथे मुलं हमखास फसतात. दोन्ही घटना दोन चिठ्ठ्यांवर लिहून, मध्ये एकदा ‘म्हणून’ आणि एकदा ‘कारण’ ठेवून चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला लावावी.

न लिहिलेलं कारण शेवटी घ्यावं. चिमणीने दार लगेच का उघडलं नाही? ती बाळाची कामं सांगते, पण ‘तिला भीती वाटली’ असंही मूल म्हणेल. दोन्ही उत्तरं चालतील. फक्त ‘हे तुला गोष्टीत कुठे दिसलं?’ एवढं विचारावं. एका बैठकीत असा एखादाच प्रश्न पुरे, नाहीतर गोष्टीची गोडी जाते.